छोट्या कन्सल्टन्सीसाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर कसं निवडायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान एक ते दहा माणसांच्या सल्लागार व्यवसायांसाठी आहे. स्ट्रक्चरल इंजिनिअर, आयटी सल्लागार, कंपन्यांचं एचआर सांभाळून देणारे, कारखान्यांची आयएसओची तयारी करून घेणारे, पर्यावरण परवानग्यांची कामं बघणारे, असे सगळे यात आले. उदाहरणं महाराष्ट्रातली आहेत. किमती मुद्दाम दिलेल्या नाहीत. त्या सतत बदलतात, आणि निवड फसते ती सहसा किमतीमुळे नाही.

आमचं एक्सेलवर व्यवस्थित चाललंय. सॉफ्टवेअर घ्यायलाच हवं का?

लगेच नाही. वर्षाची जमा वीस लाखांच्या आत आहे, जीएसटी नोंदणी नाही, क्लायंट चार-पाचच आहेत आणि बिलं काढणारी व्यक्ती एकच आहे, तर नीट ठेवलेली एक्सेल शीट पुरते. उगाच वर्गणी भरत बसू नका.

जीएसटी नंबर घेतला की चित्र बदलतं, कारण मग प्रत्येक बिल जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणात जायला लागतं आणि तिथला आकडा व बिलावरचा आकडा एकच असावा लागतो. दुसऱ्या माणसाने बिलं काढायला घेतली की ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘फायनल नवीन’ अशा फाइली जमायला लागतात. आणि एखाद्या क्लायंटकडून नेमके किती येणे आहेत हे सांगायला तुम्हाला बँकेचं स्टेटमेंट, मेल आणि व्हॉट्सअ‍ॅप अशा तीन ठिकाणी शोधावं लागत असेल, तर एक्सेलची वेळ भरली असं समजा.

दुकानदार वापरतो तेच सॉफ्टवेअर आम्हाला का चालणार नाही?

चालेल, पण त्यातलं निम्मं तुम्ही कधी उघडणार नाही. बाजारातली बहुतेक सॉफ्टवेअर मालाच्या व्यवहारासाठी घडलेली आहेत. स्टॉक, बारकोड, ई-वे बिल, एमआरपी, बॅच नंबर यातलं काहीही सल्लागाराला लागत नाही. दुकानात दिवसाला शंभर बिलं होतात आणि पैसे लगेच येतात. तुमची महिन्याला आठ-दहा बिलं होतात, पण एकेक बिल मोठं, पैसे दोन-तीन महिन्यांनी, तेही टीडीएस (क्लायंट पैसे देताना कापून तुमच्या नावाने सरकारकडे भरतो तो प्राप्तिकर) कापून, कधी दोन हप्त्यांत, कधी अ‍ॅडव्हान्समधून वळते करून. खाली प्रवासखर्च वेगळा.

म्हणून सॉफ्टवेअर बघताना ‘बिल किती पटकन निघतं’ हा तुमचा प्रश्न नाही. बिल कुठेही निघतं. बिल निघाल्यानंतर पैसे येईपर्यंत आणि आलेले पैसे टीडीएससकट जुळेपर्यंत सॉफ्टवेअर किती साथ देतं, एवढ्यावरच निवड करा.

डेमोत नेमकं काय करून बघायचं?

विक्रेत्याला त्याचा डेमो दाखवू देऊ नका, तुमचा व्यवहार करायला लावा. त्याला सांगा: एक लाखाचं बिल काढा, वर १८ टक्के जीएसटी, एकूण १,१८,००० रुपये. क्लायंटने एक लाखावर १० टक्के टीडीएस कापला आणि बँकेत १,०८,००० रुपये आले. आता हे पैसे माझ्यासमोर त्या बिलाला लावा.

बरोबर उत्तर असं: बिल पूर्ण वसूल दिसलं पाहिजे, १०,००० रुपये त्या क्लायंटच्या नावाने ‘टीडीएस येणे’ या खात्यात गेले पाहिजेत आणि उत्पन्न एक लाखच राहिलं पाहिजे. चुकीची उत्तरं बरीच बघायला मिळतात. कुठे बिलावर १०,००० रुपये बाकी कायमची लोंबकळत राहते. कुठे तो माणूस ती रक्कम ‘डिस्काउंट’मध्ये टाकून मोकळा होतो. सगळ्यात वाईट म्हणजे उत्पन्नच ९०,००० दिसतं. मग रिटर्न भरताना प्राप्तिकर पोर्टल म्हणतं की तुम्हाला या क्लायंटकडून एक लाख मिळाले, आणि तुमची वही म्हणते नव्वद हजार. असा फरक दहा क्लायंटचा साठला की रिटर्न भरायचा महिना त्यातच जातो.

पहिली चाचणी पार पडली की थोडं अवघड करा. जीएसटी बिलावर वेगळा दाखवला असेल तर टीडीएस जीएसटी सोडून उरलेल्या रकमेवर कापायचा, असं प्रत्यक्ष कर मंडळाचं २०१७ चं परिपत्रक सांगतं. तरी काही क्लायंटचे अकाउंट्सवाले एकूण १,१८,००० वरच कापतात. मग ११,८०० जातात आणि हातात १,०६,२०० येतात. रिटर्नमध्ये जमा मिळत असल्यामुळे त्या १,८०० रुपयांसाठी भांडण कुणी काढत नाही, पण सॉफ्टवेअरने ११,८०० हा आकडा स्वीकारला पाहिजे. ‘१० टक्के म्हणजे १०,०००च’ असा हट्ट धरणारं सॉफ्टवेअर नको. तसंच काही क्लायंट तुमचं काम ‘तांत्रिक सेवा’ धरून २ टक्केच कापतात, तर काही ‘व्यावसायिक सेवा’ म्हणून १० टक्के. दर क्लायंटनुसार बदलता आला पाहिजे.

आणखी एक गुंता मार्चमध्ये होतो. तुम्ही २५ मार्चला बिल दिलं, क्लायंटने ते मार्चच्या खर्चात घेतलं आणि टीडीएस मार्चमध्येच भरला. पैसे मात्र तुम्हाला जूनमध्ये मिळाले. टीडीएस गेल्या वर्षीचा, पैसे या वर्षीचे. म्हणून टीडीएसची तारीख आणि पैसे आल्याची तारीख वेगवेगळी नोंदवता येते का, हेही विचारून घ्या.

टीडीएसची जुळवणी वर्षाअखेरीस केली तर चालत नाही का?

चालते, पण त्रास वाढतो. क्लायंट कंपन्या टीडीएसचं तिमाही विवरण ३१ जुलै, ३१ ऑक्टोबर, ३१ जानेवारी आणि ३१ मे पर्यंत भरतात. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत पोर्टलवर तुमच्या पॅनसमोर रकमा दिसतात. या चार वेळा सॉफ्टवेअरमधून क्लायंटवार ‘टीडीएस येणे’ची यादी काढायची आणि पोर्टलवरच्या विवरणाशी (सगळे त्याला सवयीने २६ एएस म्हणतात) ताडून बघायची. कुणी कापून भरलाच नसेल, किंवा पॅनचं एक अक्षर चुकवलं असेल, तर तीन महिन्यांच्या आत फोन केला की ऐकतात. दीड वर्षाने केला तर ज्यांनी तो कापला होता ते नोकरी सोडून गेलेले असतात.

एप्रिल २०२५ पासून व्यावसायिक शुल्कावरच्या टीडीएसची मर्यादा वर्षाला ३०,००० वरून ५०,००० रुपये झाली. त्यामुळे किरकोळ क्लायंट आता कापत नाहीत. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्यांना सरसकट टीडीएस लागलेला असेल तर तो काढा.

क्लायंट काम सुरू होण्याआधी अ‍ॅडव्हान्स देतात. त्याची नोंद कशी व्हायला हवी?

मालाच्या अ‍ॅडव्हान्सवर जीएसटी नाही, सेवेच्या अ‍ॅडव्हान्सवर आहे. ५९,००० रुपये अ‍ॅडव्हान्स आले तर त्यात ५०,००० मूळ आणि ९,००० जीएसटी धरायचा, पावती द्यायची आणि तो कर त्याच महिन्याच्या हिशेबात दाखवायचा. पुढे बिल निघेल तेव्हा हा भरलेला कर वळता व्हायला हवा. दुकानदारी सॉफ्टवेअर इथे हमखास घसरतं: पैसे नुसते ‘ग्राहकाची जमा’ म्हणून ठेवतं आणि बिल निघाल्यावर पूर्ण कर पुन्हा लावतं. डेमोत दुसरी चाचणी हीच घ्या.

जीएसटी खिशातून भरावा लागू नये म्हणून आधी प्रोफॉर्मा (कच्चं बिल) देतो आणि पैसे आल्यावर टॅक्स इन्व्हॉइस (जीएसटीचं पक्कं बिल). हे बरोबर आहे का?

सगळेच करतात, पण मर्यादा पाळा. सेवा दिल्यापासून ३० दिवसांत टॅक्स इन्व्हॉइस निघायलाच हवं. मासिक रिटेनरसारखं चालू राहणारं काम असेल तर करारात पैसे देण्याची तारीख जी ठरली आहे तोपर्यंत. काम संपून चार महिने झाले आणि अजून प्रोफॉर्माच फिरतोय, असं चालत नाही.

सॉफ्टवेअरकडून दोन गोष्टी हव्यात: प्रोफॉर्माची नंबरमाला वेगळी असावी आणि एका क्लिकवर त्याचं इन्व्हॉइस व्हावं. प्रोफॉर्मा विक्रीत मोजला जात नाही ना, तेही बघा.

टॅली की झोहो बुक्स?

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न. खरं उत्तर एका गोष्टीवर ठरतं: तुमच्याकडे नोंदी कोण करतं?

महिन्यातून दोनदा अकाउंटंट येतो, फाइलीतली बिलं आणि बँक स्टेटमेंट समोर ठेवतो आणि एका दुपारी सगळ्या एंट्री मारून जातो, अशी पद्धत असेल तर टॅली घ्या. बेंगळुरूच्या टॅली सोल्युशन्सचं हे सॉफ्टवेअर १९८६ पासूनच्या परंपरेतलं आहे आणि सांगलीपासून चंद्रपूरपर्यंत कुठेही ते येणारा माणूस मिळतो. कीबोर्डवर सराव झालेला अकाउंटंट माउसला हात न लावता तासाभरात महिना संपवतो. इंटरनेट गेलं तरी काम थांबत नाही. लायसन्स एकदा घेतलं की तुमचं, मात्र नवी आवृत्ती आणि ऑनलाइन सोयी हव्या असतील तर वार्षिक नूतनीकरण आहे. एका जागेसाठी सिल्व्हर, एकाच ऑफिसातल्या अनेक संगणकांसाठी गोल्ड.

बिलं तुम्ही स्वतः काढता, कधी क्लायंटच्या मीटिंगमधून बाहेर पडताना मोबाइलवरून, भागीदार दुसऱ्या गावात बसतो आणि मासिक रिटेनरची बिलं दर एक तारखेला आपोआप जावीत असं वाटतं, तर चेन्नईच्या झोहोचं बुक्स सोयीचं. ब्राउझरमध्ये चालतं, बँकेचे व्यवहार आत ओढता येतात, थकबाकीची आठवण मेलने जाते. वर्गणी भरत राहावी लागते आणि वापरणारे वाढले की खर्च वाढतो.

एक साधी गोष्ट लोक विसरतात. टॅली विंडोजचं सॉफ्टवेअर आहे. ऑफिसात सगळे मॅक वापरत असाल (डिझाइन आणि आयटी सल्लागारांकडे हे नेहमीचं) तर टॅलीसाठी वेगळी विंडोज व्यवस्था करावी लागेल.

माझा कल विचाराल तर दोन-तीन माणसांच्या कन्सल्टन्सीला ऑनलाइन सॉफ्टवेअर बरं. अकाउंटंट येईपर्यंत नोंदी पडून राहिल्या की वसुलीची आठवणही पडून राहते, आणि सल्लागाराचं नुकसान तिथेच होतं.

आमचे सीए म्हणतात टॅलीच घ्या. त्यांचं ऐकावं का?

आधी कारण विचारा. ‘ऑडिटला सोपं जातं, आमच्याकडे मुलं टॅलीवरच काम करतात’ असं म्हणाले तर ते रास्त आहे. त्यांचा वेळ वाचला की तुमची फी आटोक्यात राहते. पण त्यांना वर्षाअखेरीस लागतं काय? ट्रायल बॅलन्स (सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी), लेजर (खातेवही), बँकेची जुळवणी, जीएसटीचे तक्ते. हे सगळं कुठल्याही बऱ्या सॉफ्टवेअरमधून एक्सेलमध्ये निघतं. ऑनलाइन सॉफ्टवेअरमध्ये तर सीएंना वेगळं लॉगिन देता येतं. त्यांना डेमोच्या वेळी अर्धा तास बसवा, बहुतेक वेळा विरोध मावळतो. तरीही ते नाहीच म्हणाले, तर सीए बदलण्यापेक्षा सॉफ्टवेअर बदलणं स्वस्त पडतं.

परदेशी नावाजलेलं सॉफ्टवेअर घेतलं तर?

नको. अमेरिकेत किंवा ऑस्ट्रेलियात घरोघरी असलेल्या सॉफ्टवेअरना सीजीएसटी-एसजीएसटीची (केंद्राचा आणि राज्याचा जीएसटी) विभागणी, जीएसटीआर-१ आणि आपला टीडीएस यांची जाण नसते. मग दर महिन्याला एक्सेलमध्ये जोडकाम सुरू होतं.

दुसरा धोका इथे घडून गेलेला आहे. इन्ट्यूटचं क्विकबुक्स भारतात अनेक छोट्या व्यवसायांनी घेतलं होतं. कंपनीने २०२२ मध्ये भारतातून हे उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि २०२३ मध्ये ते बंद झालं. ग्राहकांना डेटा काढून दुसरीकडे जावं लागलं. देशी सॉफ्टवेअरही बंद पडू शकतं, म्हणून कुठलंही घ्या, पण खरेदीआधीच्या मोफत काळात सगळा डेटा एक्सेलमध्ये बाहेर काढून बघा. नुसती बिलांची यादी निघून उपयोग नाही. कुठल्या बिलाला कुठले पैसे लागले, हेही निघालं पाहिजे.

फुकटात काही मिळतं का?

मिळतं. झोहोसारख्या कंपन्या लहान उलाढालीसाठी मोफत योजना ठेवतात. अटी त्यांच्या साइटवर बघा, विशेषतः वर्षाला किती बिलं काढता येतात ते. मुंबईच्या फ्रापे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट मुक्त स्रोत आहे आणि त्यात हिशेबाबरोबर प्रकल्प, टाइमशीट, पगार सगळं आहे. आयटी कन्सल्टन्सी असेल आणि सर्व्हर सांभाळणारा माणूस घरचाच असेल तर जरूर विचार करा. नसेल तर ते फुकटाचं सॉफ्टवेअर दुरुस्तीच्या फीमध्ये महाग पडतं.

मोबाइलवरची बिलिंग अ‍ॅप्स किराणा आणि हार्डवेअर दुकानांसाठी उत्तम आहेत. वरच्या टीडीएसच्या चाचणीत त्यांना बसवून बघा, मग ठरवा.

आम्ही ५० टक्के नफा दाखवून कर भरतो. मग वह्या ठेवायच्याच कशाला?

प्राप्तिकराच्या जुन्या कायद्यातलं कलम ४४ एडीए अभियंते, वास्तुविशारद, तांत्रिक सल्लागार, आयटी व्यावसायिक अशा ठरावीक व्यवसायांना ही सोय देतं: जमा ५० लाखांपर्यंत, आणि रोखीची जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांपर्यंत. जमेच्या निम्मा नफा दाखवला की वह्यांची सक्ती नाही. नवा प्राप्तिकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू आहे. त्यातही ही सोय आहे, कलमांचे आकडे बदललेत. कंपनी आणि एलएलपीला (मर्यादित दायित्वाची भागीदारी) ती मिळत नाही. मॅनेजमेंट कन्सल्टंट यात बसतो की नाही हे कामाच्या स्वरूपावर जातं, ते सीएंकडून लेखी घ्या.

पण ही सूट प्राप्तिकरापुरती आहे. जीएसटी नोंदणी असेल तर जीएसटीच्या नोंदी ठेवाव्याच लागतात. आणि वसुली? कोणाकडे किती अडकलेत हे कुठलंही कलम सांगणार नाही. अशांनी पूर्ण हिशेबाचं सॉफ्टवेअर न घेता नुसती बिलं, येणी आणि टीडीएस सांभाळणारी हलकी योजना घेतली तरी भागतं.

आमची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. काही वेगळं बघायचं का?

हो, आणि इथे चालढकल नको. १ एप्रिल २०२३ पासून कंपनी जे हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरते त्यात एडिट लॉग असणं बंधनकारक आहे: कोणती नोंद कधी बदलली याची खूण राहिली पाहिजे आणि ती बंद करता येता कामा नये. दोन संचालकांची, वर्षाला वीस बिलांची कंपनी असली तरी हा नियम आहे. ऑडिटरला आपल्या अहवालात त्यावर लिहावं लागतं. टॅलीची यासाठी ‘एडिट लॉग’ आवृत्ती वेगळी आहे. साधी आवृत्ती उतरवून बसू नका. एक्सेल तर इथे बादच.

शिवाय हिशेबाची वही परदेशातल्या सर्व्हरवर असेल तर तिचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज व्हावा लागतो. आणि कंपनीला हिशेब ‘मिळाले तेव्हा जमा’ या पद्धतीने ठेवता येत नाही. पैसे आले नसले तरी काम झालं की उत्पन्न धरावं लागतं.

एलएलपीला एडिट लॉगची सक्ती नाही. उलाढाल ४० लाखांच्या किंवा भागीदारांचं भांडवल २५ लाखांच्या वर गेलं की ऑडिट मात्र लागतं.

क्लायंट दुसऱ्या राज्यातला असेल तर सॉफ्टवेअर स्वतः कर ठरवतं का?

ठरवतं, तुम्ही क्लायंटचा जीएसटी नंबर बरोबर टाकला असेल तर. नंबरातले पहिले दोन अंक राज्याचे: २७ महाराष्ट्र, ३० गोवा, २४ गुजरात, २९ कर्नाटक. २७ असेल तर सीजीएसटी ९ आणि एसजीएसटी ९, नाहीतर आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा जीएसटी) १८.

घोटाळा होतो तो असा. मीटिंग अंधेरीच्या ऑफिसात होते, पत्ता अंधेरीचा टाकला जातो, पण खरेदी विभागाने दिलेला नंबर अहमदाबादचा असतो. सॉफ्टवेअर पत्त्यावरून कर लावत असेल तर चुकीच्या खात्यात कर जातो. तो बरोबर खात्यात पुन्हा भरून पहिल्याचा परतावा मागत बसावं लागतं. नंबर टाकताच पोर्टलवरून नाव-पत्ता स्वतः आणणारं सॉफ्टवेअर घेतलं की ही भानगड बरीच टळते.

दुबई, सिंगापूर, अमेरिकेत क्लायंट आहेत. काय लागेल?

परकीय चलनातलं बिल, आणि त्यावर एलयूटीचा (जीएसटी न भरता निर्यात करण्यासाठी द्यायचं हमीपत्र) उल्लेख. सेवेची निर्यात करताना जीएसटी न लावता बिल द्यायचं असेल तर पोर्टलवर एलयूटी दर आर्थिक वर्षासाठी नव्याने द्यावं लागतं. एप्रिलचं पहिलं बिल निघण्याआधी. निर्यातीची रक्कम जीएसटी नोंदणीच्या वीस लाखांच्या मर्यादेत मोजली जाते, हेही अनेकांच्या लक्षात नसतं.

सॉफ्टवेअरमध्ये बघण्यासारखं एवढंच: बिलाच्या दिवशीचा दर आणि पैसे आल्याच्या दिवशीचा दर यातला फरक ते वेगळ्या खात्यात टाकतं का, आणि मधल्या बँकेने कापलेले पंधरा-वीस डॉलर बँक खर्चात घेऊन बिल बंद करतं का. दोन्ही करत असेल तर पुढे जा. पैसे आल्याचा बँकेचा दाखला त्या बिलालाच जोडून ठेवता आला तर उत्तम.

साइटवर जाण्या-येण्याचा खर्च क्लायंट देतो. तो बिलात कसा दाखवायचा?

तुमच्या नावाचं विमानाचं तिकीट आणि हॉटेल तुम्ही क्लायंटकडून वसूल करता, तेव्हा तो खर्च तुमच्या सेवेच्या किमतीचाच भाग धरला जातो आणि त्यावरही १८ टक्के जीएसटी लागतो. ‘खर्च जेवढा झाला तेवढाच घेतोय’ हे कारण पुरत नाही. क्लायंटच्या वतीने, त्याच्या परवानगीने भरलेली सरकारी फी वेगळी. ती अटी पाळून कराबाहेर ठेवता येते. म्हणून बिलाच्या एका ओळीवर कर आणि दुसऱ्या ओळीवर शून्य, असं सॉफ्टवेअरला जमलं पाहिजे. खर्चाची पावती मोबाइलवर फोटो काढून त्या क्लायंटच्या नावावर टाकता आली तर मार्चमध्ये पाकिटातले कागद चाळावे लागत नाहीत.

टाइमशीट हवी का?

तासावर बिल लावत असाल तर हवी. ठरावीक फी घेत असाल तर पहिली दोन वर्षं नको. ती कुणीच भरत नाही.

थकबाकी वसूल करायला सॉफ्टवेअरचा खरंच उपयोग होतो?

होतो, दोन कारणांनी. ३०, ६०, ९० दिवसांनुसार येण्यांची यादी समोर आली की कुणाला फोन करायचा ते कळतं. संकोची माणसालाही सॉफ्टवेअरच्या नावाने मेल पाठवणं जड जात नाही.

दुसरं कारण कायद्याचं. तुमची उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असेल आणि तुम्ही सूक्ष्म किंवा लघु उद्योगात बसत असाल, तर खरेदीदाराने लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने व्याज. शिवाय मुदत उलटली की तो खर्च क्लायंटला प्राप्तिकरात प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत धरता येत नाही, त्यामुळे मार्च जवळ आला की अकाउंट्सवाले स्वतःहून फोन करतात. म्हणून बिलाच्या नमुन्यात उद्यम नंबर आणि पैसे देण्याची अखेरची तारीख छापून घ्या. हे फुकट आहे आणि कुठल्याही महागड्या सोयीपेक्षा जास्त कामाचं आहे.

बिलांचे नंबर कसे ठेवावेत?

१६ अक्षरांच्या आत, ओळीने, आर्थिक वर्षात एकही नंबर पुन्हा नाही. अक्षरं, अंक, तिरपी रेघ आणि आडवी रेघ एवढंच चालतं. क्लायंटचं पूर्ण नाव नंबरात घुसवू नका.

मराठीत बिल काढता येईल का?

सहकारी संस्था, ग्रामपंचायती, साखर कारखाने यांच्याबरोबर काम करणारे हे विचारतात. देवनागरीत क्लायंटचं नाव आणि कामाचा तपशील टाकता येतो, पण पीडीएफ काढून बघा. ‘श्री ज्ञानेश्वर सहकारी पतसंस्था, कऱ्हाड’ असं काहीतरी टाका. जोडाक्षरं तुटली किंवा ऱ्ह च्या जागी चौकोन आला तर त्या सॉफ्टवेअरचा नाद सोडा. बिल नंबर आणि जीएसटी नंबर इंग्रजी अक्षरांतच राहू द्या.

दोन-तीन नोकर आहेत. पगारासाठी वेगळं सॉफ्टवेअर?

पाच माणसांपर्यंत नको. महाराष्ट्राचा व्यवसाय कर साधा आहे: पगार १०,००० च्या वर असलेल्या पुरुषांना महिना २०० आणि फेब्रुवारीत ३००, महिलांना २५,००० पर्यंत माफ. तुमचा स्वतःचा वर्षाचा २,५०० वेगळा. तो हिशेबात ‘किरकोळ’मध्ये टाकू नका, वेगळं खातं उघडा.

वर्षाच्या मध्येच सॉफ्टवेअर बदलता येईल का?

१ एप्रिल सगळ्यात सोयीचा. तोवर थांबणं शक्य नसेल तर तिमाहीच्या सुरुवातीला बदला, म्हणजे एक जीएसटी विवरण अर्धं इथे अर्धं तिथे होणार नाही. सुरुवातीच्या शिलका टाकताना क्लायंटची एकगठ्ठा बाकी टाकू नका. ‘अमुक कंपनी ३,५४,०००’ असं टाकलं की पुढे आलेले पैसे कुठल्या बिलाचे हे कळत नाही. प्रत्येक थकलेलं बिल त्याच्या मूळ तारखेने आणि नंबराने टाका. वीस-पंचवीस बिलं असतात, एका संध्याकाळचं काम आहे. बदलाच्या दिवसाचा जुना ट्रायल बॅलन्स आणि नवा ट्रायल बॅलन्स रुपयासकट जुळल्याशिवाय जुनं बंद करू नका.

खातं कुणाच्या ईमेलवर उघडावं?

मालकाच्या. अकाउंटंटच्या वैयक्तिक जीमेलवर कधीही नाही. तो सोडून गेला की पासवर्ड बदलण्याचा संदेशही त्याच्याकडेच जातो. त्याला वेगळं लॉगिन द्या, नोंदी करण्याचा अधिकार द्या, बिल पुसण्याचा देऊ नका. टॅली असेल तर डेटाचा बॅकअप ऑफिसातल्या त्याच संगणकावर ठेवू नका.

जुने हिशेब किती वर्षं सांभाळायचे?

जीएसटीच्या नोंदी त्या वर्षाच्या वार्षिक विवरणाच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने. कंपनीच्या वह्या आठ आर्थिक वर्षं. वर्गणी थांबवल्यावर डेटा किती दिवस उघडता येतो, हे सॉफ्टवेअर कंपनीला मेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा.